मी जीनमधून बोलून राह्यलो

अतुलच्या तोंडाले नखपॉलिशचा वास आला तवा मले पयले वाटलं, ह्या पोट्ट्यानं माही शिशी पेली.

म्या त्याचे होट पाह्यले, बोटं पाह्यली. कुठंच लाल नाही. शिशी फळीवर, झाकण घट्ट. अन हा तीन वर्साचा पोट्टा आपल्या मायच्या मांडीवर पडलेला, डोळे अर्धे उघडे, जोरजोरानं धापा टाकून राह्यला. ताप होता, पोटात काही ठरत नव्हतं.

"वैनी, ह्याच्या तोंडाचा वास घे," म्या म्हणलं.

दीपानं वास घेतला अन तिचं तोंड पांढरंफक पडलं. "मैत्रीच्याबी तोंडाले असाच येत होता," ती म्हणली.

मैत्री म्हंजे दीपाची पयली पोरगी. आंगणवाडीत जायच्या आदीच तापानं गेली. तिचं नाव घरात कोणी घेत नाही. त्या रोजी दीपानं घेतलं, अन माह्या भावानं, संघदीपनं, दुसरं काही इचारलंच नाही. त्याची काळीपिवळी जीप दारव्हा-यवतमाळ चालते. दारासमोर सवाऱ्या भरलेली उभी होती. त्यानं सगळ्याइले खाली उतरवलं. एक बुढा भांडत होता, "पैसे देल्ले मी!" म्या त्याले असं काही बोलली का तो बुढा गुमान उतरला.

यवतमाळले सलाईन लावलं, तथून नागपूरले पाठवलं. नागपूरले प्रफुल्ल डॉक्टर भेटले. जवानच आहेत, बोलणं पुण्याकडचं. त्यायनं इचारलं, "तोंडाला, लघवीला काही वेगळा वास?"

"येते ना. नखपॉलिशचा."

मायनं मले कोपर मारलं. डॉक्टरसमोर कायचं नखपॉलिश! पण डॉक्टरचा पेन थांबला. "परत सांग," ते म्हणले. म्या परत सांगतलं. मंग त्यायनं तपासण्या लिहून देल्ल्या, साखरेचं सलाईन चालू केलं, अन पोट्टं उठून बसलं. नर्सच्या गळ्यातलं कार्ड चावाले लागलं. दीपा हसली अन मंग लगेच रडली.

त्याच्या बाद रक्त घेणं सुरू झालं. अतुलचं, दीपाचं, संघदीपचं. मंग माहं. मंग राजूरहून आबाले बलावलं, त्याचंबी. आबा म्हंजे डोमाजी, माह्या मायचा बाप अन दीपाचा आजा. दीपा माह्या सख्ख्या मामाची पोरगी होय. आमच्यात मामाची पोरगी करतेत. लग्नाआदी मी तिले दीपाच म्हणत होती, आता माय आयकत असली का वैनी म्हणतो.

"आबाचं रक्त कायले?" म्या डॉक्टरले इचारलं. "जलमभर खदानीत कोळसा काढला त्यानं. लाल निघन का काळं निघन, भरोसा नाही."

"माग काढायचाय," डॉक्टर हसून म्हणले. "हे कुठून आलं, त्याचा."

माग लागाले लय रोज गेले. मंग एक दिवस आम्हाले बलावलं. मी, माय, संघदीप, दीपा अन तिच्या कडेवर अतुल, सगळे त्यायच्या टेबलासमोर.

"सापडलं," डॉक्टर म्हणले. त्यायचा चेहरा असा होता का पोरगा पास झाला. "दोष जनुकात आहे."

आम्ही एकमेकाइकडं पाह्यलं.

"जनुक. म्हणजे... सोपं करून सांगतो. जीन. जीन माहितीये ना?"

"हो, सायेब!" माय म्हणली. जीन कोणाले मालूम नाही? आमच्या दारव्ह्यात कापसाची जीन हाय. कापूस आत जाते, सरकी अलग, रुई अलग. दीपा लग्न झाल्यापासून तथी कवडी, म्हंजे डागी कापूस निवडाले जात होती, मैत्री पोटात होती तवाबी अन अतुल पोटात होता तवाबी. संघदीप आदी त्याच जीनच्या टेम्पोवर होता, रुईच्या गाठी वाहून न्यायचा.

"आई आणि वडील, दोघांच्याही जीनमध्ये एकच दोष आहे. त्यामुळे बाळाला झालं," डॉक्टर म्हणले.

"दोघंबी एकाच जीनातले ना सायेब," माय म्हणली.

"बरोबर! एकाच घराण्यातले असले की असं होऊ शकतं." डॉक्टरले लय बरं वाटलं, का ह्या लोकाइले किती लवकर समजलं. "आता ऐका. याला उपाशी ठेवायचं नाही. कधीच नाही. ताप आला, उलटी झाली की साखरपाणी आणि थेट दवाखाना. डाळ, अंडी, मटण बेतानं. भात, पोळी, केळं भरपूर. एवढं सांभाळलं तर हा मोठा होईल, शाळेत जाईल."

शाळेत जाईल म्हणलं तवा सगळ्याइनं माह्याकडं पाह्यलं. म्या नववीतच शाळा सोडली हाय. म्या भितीकडं पाह्यलं.

गाडीत बसल्यावर दीपानं अतुलले मायच्या मांडीवर देल्लं अन स्वताचे हात पदरात गुंडाळून घेतले. थंडी नव्हती. म्या पाह्यलं.

घरी आल्यावर ती हात धुवाले लागली. सैपाकाच्या आदी, सैपाकाच्या बाद, अतुलले घ्यायच्या आदी. मंग त्याले घेणंच कमी केलं. भात कालवून ताट माह्या हाती द्यायची. "तू चार."

"काहून? तुह्या हाताले मेंदी लागली का?"

"माह्या हातचं नको खाऊ घालू त्याले."

"का वं?"

मोरीत भांडे घासता घासता बोलली, माह्याकडं न पाहता. "डॉक्टर म्हणले ना, मायच्या जीनमधून आलं. मैत्री पोटात होती, मी जीनात गेली. हा पोटात होता, मी जीनात गेली. ते रुईचं बारीक बारीक नाकातोंडात जाते ना, प्रियंके, ते आंगात बसलं माह्या. हातात बसलं. एक खाल्ली म्या, दुसरा खाऊन राह्यली."

"काहीबी बोलतं!"

"डॉक्टर बोलले, मी नाही."

सुचलं नाही का मी कातावतो. म्या हातातलं भगुनं आपटलं अन बाहेर निंगून गेली.

दुसऱ्या रोजी सकाळी दीपा राजूरले माहेरी निंगून गेली. मायले म्हणली, "आबाची तब्येत पाहून येतो." पोट्ट्याले नेलं नाही. जाता जाता मले म्हणली, "त्याले आत्याच्या हातची सवय होऊ दे." आत्या म्हंजे माही माय, ते तिची सासू बी होय अन आत्या बी.

सवय कायची होते! दवाखान्यात चमच्यानं दवा पाजली तवापासून अतुल दीपाच्या हाताशिवाय कोणाच्या हातचं खातच नव्हता. मायनं भात आणला, तोंड फिरवलं. म्या केळं आणलं, फेकून देल्लं. संघदीपनं चॉकलेट आणलं, ते मुठीत धरून बसला अन दरवाज्याकडं पाहात राह्यला. राती थोडं साखरपाणी गेलं, तेबी नाक दाबून. सकाळी तेबी नाही. अन आम्हाले डॉक्टरनं एकच गोष्ट सांगतली होती. उपाशी ठेवू नका.

मी घडीघडी त्याचं तोंड हुंगून राह्यली. "आ कर." तो आ करे. वास नव्हता. पण आता नव्हता म्हंजे दुपारी येणार नाही असं थोडी हाय.

संघदीप बाहेर गाडी धुवून राह्यला होता. आदल्या रोजीच धुतली होती. म्या म्हणलं, "काय धुतं एवढं?" तो म्हणला, "गाठीचा कचरा असन सीटात." म्हंजे ह्याच्याबी डोक्यात तेच. टेम्पो सोडून किती वर्स झाली, अन हा जीप धुते!

माहं डोकं फिरलं. म्या त्याची गाडी नाही मांगतली, सायकल काढली अन सीधी जीनवर गेली.

सीझन होता, कापसाच्या गाड्याइची लाइन गेटच्या बाहेरपावतर. मी लाइन-बिइन काही पाह्यली नाही. सीधी हापिसात. देवीलाल मुनीम चहा बशीत ओतून पिऊन राह्यले होते.

"तुमच्या जीनात काय बिघाड हाय?" म्या इचारलं.

"क्या?"

"डॉक्टर म्हणले तुमच्या जीनात दोष हाय. तुमच्या जीनानं आमचं एक लेकरू गेलं, अन दुसरं उपाशी पडलं. कोणती मशीन होय ते दाखवा मले. आत्ता."

मुनीमजीची बशी कलली, चहा धोतरावर. "अरे बाई, हळू बोल! इनिसपेक्टर आला तर माह्या नौकरीचा बट्ट्याबोळ होईन. आमच्या जीनात हात गेला असन कोणाचा, बोट गेलं असन. लेकरू कसं जाईन? लेकराले त आम्ही गेटातबी घेत नाही. कोणता डॉक्टर बोलला?"

"नागपूरचा मोठा."

"लाव फोन. माह्यासमोर लाव. सबके सामने बोलूंगा मै."

म्या लावला, स्पीकरवर. डॉक्टरनं उचलला. मुनीमजीनं माह्या हातातून हिसकलाच.

"डॉक्टरसाब, नमस्कार! मी जीनमधून बोलून राह्यलो!"

तिकडून डॉक्टर म्हणले, "कुठून?"

"जीनमधून! दारव्ह्याच्या जीनमधून!"

"...जीनमधून बोलताय?"

"हां जी. तुम्ही म्हणे आमच्या जीनमध्ये दोष काढला. आमच्या मशीनी सगळ्या पास हायेत साब, सर्टिफिकेट भितीवर टांगलं हाय. बिना पाहता तुम्ही असं कसं बोलता?"

"एक मिनिट, एक मिनिट," डॉक्टर म्हणले. "तिथे कसला आवाज येतोय मागे?"

"रेचे चालून राह्यले ना! कापूस जिनून राह्यला!"

डॉक्टर हळूच म्हणले, "अरे देवा."

म्या फोन परत घेतला. "मी प्रियंका बोलतो. अतुलची आत्या. नखपॉलिशवाली."

"प्रियंका, तुम्ही सगळे... तुम्हाला वाटलं मी त्या जीनबद्दल बोलत होतो? कापसाच्या?"

"मंग कोणत्या?"

मंग त्यायनं सांगतलं. म्या स्पीकर बंद केला अन मागं सरकीच्या ढिगाकडं गेली, तथी जरा आयकू येते. डॉक्टर म्हणले, आपलं आंग बारीक बारीक पेशींचं असते. एकएका पेशीत बारीक कारखाने असतेत. त्यायले मायटोकॉन्ड्रिया म्हणतेत.

"मायटो काय?"

"कारखाना म्हण."

"जीनच म्हणतो ना मंग."

"नाही! जीन नको म्हणूस!" डॉक्टर ओरडले. मंग त्यायले हसू आलं. मलेबी.

"बरं," ते म्हणले, "तू जिथे उभी आहेस तिथली मशीन काय करते?"

"रेचा? कापसातून सरकी काढते. एकाचे दोन करते. सरकी खाली पडते, रुई पुढं जाते."

"अगदी तसंच. अतुलच्या त्या कारखान्यात एक मशीन आहे, तिचंही काम एकाचे दोन करायचं. आपण उपाशी असलो, तापात असलो की शरीर साठवलेली चरबी जाळतं. तो माल त्या मशीनकडे येतो. अतुलची मशीन तो तोडत नाही. माल तुंबतो, रक्त आंबट होतं. तोच तुझा नखपॉलिशचा वास."

माह्यासमोर एक बाई रेच्यात कापूस लोटून राह्यली होती. रेचा तुंबला अन लोटणं चालूच राह्यलं त काय होते ते म्या पाह्यलं होतं. गरम होते. जळका वास येते. आग लागते.

"म्हणून उपाशी नाही ठेवाचं," म्या म्हणलं. "साखर देल्ली का त्या मशीनकडं मालच नाही जात."

"बरोब्बर. आणि ती मशीन कशी बनवायची, त्याचा एक नकाशा असतो प्रत्येकाच्या अंगात. तो नकाशा म्हणजे जनुक. आम्ही त्यालाच जीन म्हणतो. एक नकाशा आईकडून येतो, एक वडिलांकडून. एक जरी चांगला असला तरी मशीन नीट बनते. अतुलला दोन्ही चुकीचे मिळाले. एक दीपाकडून, एक संघदीपकडून. त्या दोघांनी काहीही केलेलं नाही. त्यांनाही तो वरूनच आला, जन्मायच्या आधीच."

"वरून म्हंजे?"

"तोच माग काढला आम्ही. तुमच्या आजोबांच्या रक्तातही तोच नकाशा निघाला. त्यांना आज सकाळी फोन केला होता. त्यांनी सांगितलं, घरात सगळ्यांना सांगा. पण मी जीन म्हटलं की ते 'मी खदानीतला, मी खदानीतला' एवढंच म्हणत होते. मला काही कळलं नाही. आत्ता कळलं." मंग त्यायनं आवाज लहान केला. "प्रियंका, तुझाही रिपोर्ट आलाय. अठरा पूर्ण आहेत ना तुला? स्पीकर बंद आहे?"

"बंद हाय."

"तुझ्यातही एक नकाशा तोच आहे. चुकीचा. घाबरू नकोस, दुसरा चांगला आहे, तुला काही होणार नाही. लग्नाच्या वेळी फक्त मला एक फोन कर."

मी सरकीच्या ढिगावर बसली. म्या आपले हात पाह्यले. तसेच होते, नखं लाल, एका नखाचं पॉलिश उडालेलं. म्या आजपावतर जीनात काम केलं नव्हतं. एकदा आली होती, सुपरवायझरनं आवाज चढवला, म्या टोपली त्याच्या पायावर टाकली अन घरी गेली. तेवढ्यात काही आंगात बसत नाही.

"डॉक्टर," म्या म्हणलं, "लय बेस झालं."

"काय?"

"माह्यात हाय ते बेस झालं. ठेवतो. जयभीम."

देवीलाल मुनीम दरवाज्यातच उभे होते. "क्या बोले? आमची मशीन..."

"तुमची मशीन पास हाय," म्या म्हणलं. त्यायनं भितीवरच्या देवाच्या फोटोले हात जोडले.

घरी आली, अतुलले उचललं, साखरपाण्याची बाटली घेतली, संघदीपले म्हणलं, "गाडी काढ. राजूर."

"सवारी?"

"सवारी गेली खड्ड्यात."

यवतमाळ गेलं, मारेगाव गेलं. रस्त्यात म्या संघदीपले सगळं सांगतलं. तो गाडी जोरात पळवाले लागला. वणीजवळ कोळशाच्या ट्रकामागं अडकलो तवा त्यानं एवढा हॉर्न वाजवला का अतुल झोपेतून उठला. म्या म्हणलं, "आ कर." त्यानं आ केला. मले वाटलं, थोडा वास आला. मंग वाटलं, नाही. झाकणानं साखरपाणी टाकलं, अर्धं माह्या आंगावर. "मायकडं चाल्लो ना," म्या म्हणलं, "एक घोट पे." एक घोट पेला. बस एकच.

राजूरले मामाच्या घरासमोर आबा खाटेवर बसला होता. मले पाह्यलं अन तो सुरूच झाला. "पिये, त्या डॉक्टरले समजाव बाप्पा. मले म्हणते तुमच्यात जीन हाय. अरे, मी जलमात जीन पाह्यली नाही! मी खदानीतला माणूस!"

"थांब आबा. तेच सांगाले आली."

दीपा घरातून बाहेर आली. अतुलनं तिच्याकडं हात लांबवले. तिनं आपले हात मागं घेतले, पाठीमागं. पोट्टं माह्या कडेवरून वाकून वाकून तिच्याकडं जाऊन राह्यलं, अन ती मागं मागं.

मले राग आला. लय आला. पण राग येऊनबी म्या पयल्यांदा हळू बोलली.

"दीपा, मले एक सांग. मी कधी जीनात कामाले गेली?"

"तू?" तिच्या तोंडावर जरासं हसू आलंच. "तू एक घंटा टिकली नाही."

"आबा गेला?"

"आबा खदानीत होता."

"बराबर. माह्यात तेच हाय जे तुह्यात हाय. आबातबी हाय. डॉक्टरनं रक्तात पाह्यलं. आबानं कापूस नाही निवडला, म्या नाही निवडला. ते कापसाचं जीनच नोहे वं! ते दुसरं जीन हाय. आंगातल्या मशीनीचा नकाशा. तू जलमली तवाच होता तुह्यात. तू घरात बसून राह्यली असती तरी हेच झालं असतं."

म्या तिले सगळं सांगतलं. रेचा, सरकी, रुई, तुंबलेला माल. रेचा म्हणलं तवा ती मान हलवाले लागली, तिले रेचा माह्यापेक्षा जास्त मालूम. आबा कान माह्याकडं करून आयकून राह्यला.

"म्हंजे," आबा हळूच म्हणला, "माह्याकडून आलं हे?"

"तुह्याकडं कोणाकडून आलं मंग? तुह्या बापाकडून, नाहीत मायकडून. त्यायले कोण धरन आता?"

दीपानं इचारलं, "अन मैत्री?"

त्याचं उत्तर डॉक्टरनं देल्लं नव्हतं. मैत्रीचं रक्त कोणाकडंच नव्हतं. म्या वासाचं आठवलं.

"तिलेबी दोन्ही नकाशे तसलेच आले असन. तवा कोणाले मालूम नव्हतं वं. तुह्या हातानं नाही गेली ते."

संघदीप दारातच उभा होता, चप्पल न काढता. सगळ्या रस्त्यात एक शब्द नाही बोलला, अन आता बोलला. "दीपा, अर्धं माह्याकडून हाय. तू एकटीच घेऊन निंगून आली."

दीपानं हात पुढं आणले. पाहात राह्यली त्याकडं. धू धू धुवून बोटाइची कातडी निंगाले लागली होती. मंग तिनं ते पदराले पुसले अन अतुलले माह्या कडेवरून घेतलं. घेतलं म्हंजे काय, तो त उडीच मारून गेला.

सकाळचा भात होता. तिनं त्यात साखर टाकली, थोडं पाणी टाकलं, बोटानं कालवला. एक घास. पोट्ट्यानं खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसऱ्याच्या वेळेस तिचं बोटच चावलं, अन ती "आई वं!" म्हणली अन हसली, अन मंग तिच्या डोळ्यातून पाणी चालू झालं ते थांबेचना. पण घास थांबले नाही. रडता रडता चारून राह्यली. आबा म्हणला, "खारट होईन तो भात," अन स्वता दुपट्ट्यानं नाक पुसलं.

ताट सपाट झालं तवा अतुल मांडीवरून उतरला, तोंडाले शितं तशीच, अन सीधा माह्यापाशी आला. माहा गुडघा धरून तोंड वर केलं.

"आत्या, हुंग."

म्या हुंगलं. भात अन साखर. बस.

मंग तो आबापाशी गेला, आ केला. आबानं हुंगलं. मंग आपल्या बापापाशी. संघदीपनं तर दोन्ही हातानं त्याचं डोकं धरून हुंगलं, सोडेचना. मंग तो दीपापाशी गेला अन मोठ्ठा आ करून उभा राह्यला.